सत्तरच्या पुढे पिकअपचे स्टिअरिंग थरथरते : आधी काय तपासावे?

साखळी_पिकअप | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार. माझ्याकडे २०१७ सालची, सव्वा टन भार वाहणारी पिकअप आहे. पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम आहेत, आणि गाडी आजवर १ लाख ३८ हजार किलोमीटर चालली आहे. आठवड्यातून तीन वेळा मी चोर्ला घाटाने बेळगावला जातो आणि भाजी घेऊन साखळी, डिचोली व शुक्रवारच्या बाजारासाठी म्हापशाला येतो. चतुर्थी आटोपल्यानंतरच्या आठवड्यापासून वेग ७० च्या आसपास गेला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते. घाट उतरून केरीला आल्यावर ब्रेक दाबला, तरीही हादरे बसतात.

आतापर्यंत दोन वेळा अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे) करून घेतले आणि दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड (स्टिअरिंगचे चाकाकडचे सांधे) बदलले, पण काडीचाही फरक पडला नाही. आता गॅरेजवाले म्हणतात की स्टिअरिंग बॉक्सच बदलावा लागेल. तो खर्च मला झेपण्यासारखा नाही, आणि तो करूनही थरथर राहिली तर काय, ही भीती आहे. बॅलन्सिंग (रिमला वजने लावून चाक समतोल करणे) ऑगस्टमध्येच झाले असल्याने तो प्रश्न नसावा. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उसगावचा_मिस्त्री | १२ ऑक्टोबर, रात्री १०.२५

भाऊ, स्टिअरिंग बॉक्सला अजून हात लावू देऊ नका. बॉक्स झिजला की स्टिअरिंगमध्ये मोकळा खेळ येतो, गाडी एका रेषेत राहत नाही आणि सतत दुरुस्त करत चालवावी लागते. ठरावीक वेगाला सुरू होणारी थरथर बॉक्समधून निर्माण होत नाही. ती फिरणाऱ्या वस्तूतून येते, आणि बॉक्स व टाय रॉड ती फक्त तुमच्या हातापर्यंत पोहोचवतात. सांधे सैल असतील तर ती अधिक जाणवते, एवढाच त्यांचा संबंध.

२०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडेपर्यंत मी टिपर ट्रकांची कामे करीत होतो आणि त्यानंतर लहान गाड्यांकडे वळलो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की ठरली आहे की, पाना हातात घेण्यापूर्वी गाडीवाल्याला पुरेसे प्रश्न विचारले तर अर्धे काम तिथेच होते. म्हणून तुम्हालाही विचारतो. थरथर नेमक्या कोणत्या वेगाला सुरू होते, आणि त्याहून वेग वाढवल्यास ती वाढते की थांबते? ती हातात अधिक जाणवते की सीटखाली? रिकामा, सरळ रस्ता पाहून त्याच वेगाला गिअर न्यूट्रलमध्ये घेतला, तर ती टिकते की जाते? (इंजिन बंद करू नका, तसे केल्यास ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते.) हौदा रिकामा असताना जास्त की भरलेला असताना? ब्रेक न दाबताची थरथर आणि ब्रेक दाबल्यावरची थरथर एकाच जातीची वाटते का? आणि ऑगस्टमध्ये बॅलन्सिंग केले ते नेमके कधी, आणि त्या वेळी चाके धुतली होती का, हेही आठवून सांगा.

काणकोण_मासळी | १३ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

माझ्या गाडीलाही असेच झाले होते आणि डिस्क बदलल्यावर थांबले. आधी डिस्क पाहा.

फोंडा_शिक्षक | १३ ऑक्टोबर, दुपारी १.१५

मी मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवतो, त्यामुळे मिस्त्रींच्या प्रश्नांमागचे गणित थोडे उलगडून सांगतो. या गाड्यांच्या टायरचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर असतो, म्हणजे एका फेऱ्यात चाक सुमारे २.२ मीटर पुढे जाते. ताशी ८० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला दहा फेरे घेते. चाकात दोष असेल तर हाताला सेकंदाला दहा धक्के बसतात आणि ते थरथरीसारखे जाणवतात. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, मात्र चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्या दोषातून येणारी कंपने चाळीसच्या घरात असतात आणि ती थरथरीपेक्षा घुमल्यासारखी, पायाखालच्या पत्र्यातून व सीटमधून येतात. न्यूट्रलमध्ये घेऊनही थरथर तशीच राहिली, तर इंजिन व क्लच बाजूला पडतात.

रिमच्या काठावर ६० ग्रॅमचा असमतोल असेल, तर ८० च्या वेगाला तो प्रत्येक फेऱ्याला साधारण साडेचार किलोच्या जोराने चाक ओढतो. ४० च्या वेगाला हाच जोर चौथ्या हिश्श्यावर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाने बदलतो. त्यामुळेच साखळी ते डिचोली गाडी चांगली वाटते आणि हायवेला लागल्यावर बिघडते. शिवाय पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनला स्वतःची एक झोक्याची गती असते. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावत राहिले की तो उंच जातो, तसे चाकाचे धक्के त्या गतीशी जुळतात तेव्हा थरथर सर्वांत जास्त होते, आणि वेग आणखी वाढवला की ती कमी होते.

अलाइनमेंटबद्दलचा गैरसमजही येथेच दूर करतो. अलाइनमेंट चुकल्याने गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वाकडा झिजतो, पण थेट थरथर होत नाही. टायर झिजून ओबडधोबड झाला की मग तो थरथरतो, आणि तेव्हा अलाइनमेंट कितीही अचूक केले तरी झिजलेला टायर परत गोल होत नाही.

साखळी_पिकअप | १५ ऑक्टोबर, सकाळी ८.५०

मिस्त्रीकाका, आज पहाटे साडेपाचला कोलवाळचा पूल ओलांडून धारगळच्या बाजूला रिकामी गाडी नेली आणि शेजारी मुलाला वही घेऊन बसवले. थरथर ६८ ला सुरू झाली, ७६ ते ८२ च्या दरम्यान सर्वांत जास्त होती आणि ८८ च्या पुढे जवळजवळ थांबली. न्यूट्रलमध्ये घेऊनही तसूभर फरक पडला नाही. ती हातातच आहे, सीटखाली नाही. हौदा भरलेला असताना कमी जाणवते, पण तेव्हा मी वेगही कमीच ठेवतो.

ब्रेकची थरथर निराळी आहे, हे तुम्ही विचारल्यावरच लक्षात आले. ती ६० वरून खाली येताना सुरू होते, ब्रेकच्या पॅडलवरही धक् धक् अशी जाणवते आणि वेगाबरोबर मंद होत जाते. सकाळी थंड गाडीला कमी असते, घाट उतरल्यावर वाढते.

बॅलन्सिंग ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, चाके पुढेमागे बदलताना केले. भर पावसाचे दिवस होते आणि चाके धुतली नव्हती, हे नक्की आठवते.

उसगावचा_मिस्त्री | १५ ऑक्टोबर, दुपारी २.३०

उत्तम काम केले. गाडीला दोन दुखणी आहेत आणि दोन्ही हातालाच जाणवत असल्याने ती एकच वाटत होती. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडणार नाही, म्हणून पहिले संपवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. नाहीतर कशाने काय बरे झाले हे कधीच कळणार नाही.

पुढचे चाक काढा आणि रिमची आतली बाजू, म्हणजे ब्रेककडची बाजू, बोट फिरवून पाहा. आपल्याकडची तांबडी माती पावसात त्या खोबणीत जाऊन बसते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. बाहेरून चाक स्वच्छ दिसते, म्हणून कोणी आत पाहत नाही. जॅक लावताना एवढी काळजी घ्या की अंगणातली चिखलवट जमीन त्याच्याखाली खचू नये. जाड फळी ठेवा, मागच्या चाकांना दगड लावा आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोके घालू नका.

चाक उचललेले असतानाच वरून व खालून धरून हलवा, म्हणजे बेअरिंग आणि बॉल जॉइंट कळतील. नंतर डावी-उजवीकडून धरून हलवा, म्हणजे टाय रॉड कळतील. वर-खाली खेळ आढळला, तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग सैल आहे, तसाच राहिला तर बॉल जॉइंट गेला आहे.

मडगाव_टायरकाम | १५ ऑक्टोबर, रात्री ८.१०

मी टायरच्या दुकानात काम करतो, म्हणून आमच्या बाजूच्या उणिवाही सांगणे मला कर्तव्य वाटते. मशीनवर दोन्हीकडे शून्य आले म्हणजे चाक निर्दोष ठरले असे नाही. मशीन फक्त वजनाची विभागणी सांगते. टायरच्या आतले तारांचे पट्टे सुटून एखाद्या जागी फुगवटा आला असेल, तर त्याच्या समोर वजन लावून शून्य आणता येते, पण रस्त्यावर तो फुगवटा प्रत्येक फेऱ्याला चाक उचलतच राहतो. चाक मशीनवर मधोमध धरणारा शंकू नीट बसवला नाही किंवा रिमच्या मधल्या भोकाला माती असेल, तर मशीनवरचे शून्यही खोटे असते. चाक सोडवून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा आणि पुन्हा मोजा. आकडा बदलला तर बसवणेच चुकले आहे. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि ते करायला सांगायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे.

फुगवटा घरीही सापडतो. चाक उचलून हाताने सावकाश फिरवा आणि जमिनीवर विटेवर टेकवलेली पेन्सिल टायरच्या नक्षीपासून केसभर अंतरावर धरा. फट कुठे कमी-जास्त होते ते लगेच दिसते. टायरच्या बाजूवरील क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, तेही वाचून सांगा. ३५१९ असेल तर तो २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला.

साखळी_पिकअप | १८ ऑक्टोबर, रात्री १०.०५

काल संध्याकाळी डावे पुढचे चाक काढले. आतल्या खोबणीत तळहाताएवढा लांब, बोटभर जाडीचा तांबड्या मातीचा थर होता. स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर तो एकसंध सुटून हातात आला. त्याच्या पाठीवर रिमची गोलाई जशीच्या तशी उमटली होती, आणि एका टोकाला ताजा तुटलेला काठ होता, जणू त्याचा उरलेला अर्धा भाग आधीच कुठेतरी रस्त्यावर पडला असावा. भाजीच्या तराजूवर ठेवला तर १४० ग्रॅम भरला. उजव्या चाकातही माती होती, पण थोडी.

आता सगळा उलगडा होतो. ऑगस्टमध्ये ही माती रिममध्ये असतानाच बॅलन्सिंग झाले, म्हणजे मातीच्या वजनासकट चाक समतोल केले गेले. चतुर्थीनंतर ऊन पडले, माती वाळून तिचा एक तुकडा निखळला आणि त्याच्यासाठी लावलेले वजन मात्र रिमवर तसेच राहिले. बॅलन्सिंग नुकतेच झाले आहे म्हणून मी आणि गॅरेजवाले, दोघांनीही ते आधीच वगळले होते. टाय रॉडचे पैसे त्यामुळे गेले, याचे फार वाईट वाटते.

आज चारही चाके आतून धुऊन, जुनी वजने काढून नव्याने बॅलन्सिंग केले. थरथर पाऊण हिश्शाने गेली. जी उरली ती ७५ च्या सुमारास बारीकशी आहे. पेन्सिल धरून पाहिली, तेव्हा उजव्या पुढच्या टायरला एका जागी फट जवळजवळ तीन मिलिमीटरने कमी होते आणि तिथे नक्षी किंचित वर आल्यासारखी हाताला लागते. आकडे २२१८ आहेत. बेअरिंग व बॉल जॉइंटला खेळ आढळला नाही.

मडगाव_टायरकाम | १८ ऑक्टोबर, रात्री १०.४०

तो टायर आता कुठेही वापरू नका, स्टेपनी म्हणूनसुद्धा नाही. पट्टे सुटलेला टायर भरल्या गाडीखाली, तापलेल्या रस्त्यावर फुटतो. पुढच्या दोन्ही बाजूंना एकाच मापाचे व एकाच नक्षीचे टायर घाला.

पेडणे_चिरेवाहक | १९ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

मी चिऱ्यांची वाहतूक करतो. भार जास्त म्हणून उन्हाळ्यात मागच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेक पाटा वाढवून घेतला. तेव्हापासून हौदा रिकामा असताना गाडी ४५ ते ६० मध्ये अॅक्सिलरेटर दाबला की पायाखाली घुमते, सोडला की कमी होते. स्टिअरिंगला काहीच नाही. धागा वेगळा काढावा का?

उसगावचा_मिस्त्री | १९ ऑक्टोबर, दुपारी १.५०

वेगळा काढायची गरज नाही, कारण तुमच्या उदाहरणामुळे शिक्षकांनी सांगितलेला चाक आणि शाफ्ट यांच्यातला फरक अधिक स्पष्ट होतो. जोर देताना वाढणारी आणि सोडताना कमी होणारी, सीटखालून येणारी घुमघुम ही शाफ्टची असते. पाटा वाढवल्याने हौद्याची मागची बाजू उंच झाली, त्यामुळे शाफ्ट आणि डिफरन्शियल यांच्यातला कोन बदलला आणि क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यावर, वाकडा भार येऊ लागला. हौदा भरला की पाटे बसतात, कोन पूर्ववत होतो आणि आवाज थांबतो. पाट्याखाली पाचर घालून डिफरन्शियलचा कोन जुळवता येतो, पण ते मोजून करायचे काम आहे. त्याआधी क्रॉस आणि सेंटर बेअरिंगचे रबर पाहून घ्या.

आणखी एक गोष्ट तपासा. पाटे बसवताना शाफ्ट काढला होता का? सरकत्या जोडाचे दोन भाग सुटे करून परत घालताना खुणा जुळवल्या नाहीत, तर दोन्ही टोकांचे क्रॉस एका ओळीत राहत नाहीत आणि सगळे भाग नवे असूनही शाफ्ट घुमतो. काढण्यापूर्वी खडूने किंवा पंचने खूण करावी, इतके साधे हे काम आहे आणि तेच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. आणि पाटा वाढवल्याने गाडीची पासिंगची क्षमता वाढत नाही. ब्रेक आणि टायर जुन्याच भारासाठी बनवलेले असतात, हे कळकळीने सांगतो.

आता साखळीकरांचा ब्रेक. डिस्क ‘वाकडी झाली’ असे आपण सरसकट म्हणतो, पण बहुतेक वेळा ती जाडीने असमान झालेली असते. डिस्क फिरताना केसभर डगमगली की प्रत्येक फेऱ्याला पॅड तिच्या एकाच भागाला घासतात, तो भाग झिजतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबल्यावर पॅडल धडधडू लागते. ही डगमग बहुधा दोन कारणांनी येते. एक तर हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग) आणि डिस्क यांच्यामध्ये गंज बसतो. जेवढा पापुद्रा हबवर, त्याच्या जवळपास दुप्पट डगमग डिस्कच्या काठाला. आणि दुसरे म्हणजे हवेच्या गनने चाकाचे नट एकामागून एक गोलाकार आवळले जातात. डिस्क काढण्यापूर्वी डायल गेज (बारीक डगमग सुईवर दाखवणारे मापक) लावून मोजा. ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक, ०.१० च्या वर असेल तर तो दोष धरावा. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जी मर्यादा असेल ती अंतिम मानावी.

काणकोण_मासळी | १९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

हे वाचून मला माझ्या गाडीचे खरे कारण आज कळले. मी कुटबणच्या जेटीवरून मासळी आणतो आणि बर्फाचे खारे पाणी हौद्यातून दिवसभर खाली गळत असते. नवी डिस्क बसवताना हब कोणी साफ केला नव्हता, आणि आठ महिन्यांत तेच हादरे पुन्हा सुरू झाले आहेत. मी वर ‘आधी डिस्क पाहा’ असे लिहिले होते, ते अपुरे होते. आधी डिस्कच्या मागे पाहावे.

फोंडा_शिक्षक | २० ऑक्टोबर, सकाळी ११.००

मागच्या ड्रमची शंका राहू नये म्हणून एक चाचणी करून घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगाला, हॅन्डब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. सीट हादरली तर ड्रम गोल राहिलेला नाही. काही झाले नाही तर दोष पुढेच आहे. ब्रेकची भुकटी हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, कारण ती छातीत गेलेली चांगली नाही.

घाट उतरण्याच्या सवयीविषयीही सांगणे आवश्यक आहे. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे भार इंजिन पेलते. लांब उतारानंतर तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरून गाडी उभी करू नये. थोडे सपाटीवर चालवून मग थांबावे. नाहीतर पॅडचा थर तेवढ्याच जागी चिकटतो आणि जाडी असमान होते. आणि तापलेल्या चाकावर लगेच पाणी मारू नये.

साखळी_पिकअप | २६ ऑक्टोबर, रात्री ९.१५

हॅन्डब्रेक ओढला तेव्हा सीट शांत होती. आमच्या गावातल्या एका लेथवाल्याकडे डायल गेज होते. उजवी डिस्क ०.०४ भरली, डावी ०.१४. डावी काढल्यावर हबवर गंजाचे दोन तपकिरी खवले होते, नखाएवढे, आणि डिस्कच्या मागे त्यांचेच ठसे उमटले होते. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने दोन्ही बाजू धातू चमकेपर्यंत साफ केल्या, डिस्क परत बसवली आणि मोजली तर सुई ०.०५ वर आली. त्याच हबवर तीच डिस्क होती! डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापापेक्षा बरीच जास्त असल्याने ती लेथवर अगदी हलकी घासून घेतली आणि पॅड नवे घातले. नट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळले.

पुढचे दोन्ही टायर नवे घातले आहेत. या आठवड्यात तीन फेऱ्या झाल्या. परवा टोमॅटोचे ४० क्रेट घेऊन चोर्ला तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो, अंजुणे धरणाच्या पुढे सपाटीला आल्यावर ब्रेक दाबून पाहिला आणि स्टिअरिंगवर फक्त दोन बोटे ठेवली होती. काहीही हलले नाही. धारगळच्या रस्त्यावर ८० लाही शांत आहे. स्टिअरिंग बॉक्स जुनाच आहे.

उसगावचा_मिस्त्री | २६ ऑक्टोबर, रात्री ९.५०

फार समाधान वाटले. साधारण शंभर किलोमीटर झाले की नट एकदा पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्या. साफ केलेले पृष्ठभाग बसताना ते थोडे सैल होतात.

साखळी_पिकअप | २६ ऑक्टोबर, रात्री १०.०५

पहिल्या फेरीनंतर साखळीला आल्यावरच तपासले, काका. डावीकडचे दोन नट किंचित फिरले, बाकीचे घट्ट होते.